गुरुदक्षिणा कोणाला द्यायची?

जून २०२५ मध्ये मुकेश अंबानी यांनी माटुंग्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीला १५१ कोटी रुपयांची देणगी जाहीर केली. रक्कम मोठी होती, त्यामुळे बातमी सगळीकडे झळकली. मला मात्र त्या बातमीतला दुसराच तपशील मोलाचा वाटला. प्रसंग होता प्रा. मनमोहन शर्मा यांच्या चरित्राच्या प्रकाशनाचा. अंबानी सत्तरच्या दशकात इथे रसायन अभियांत्रिकी शिकले, शर्मासरांच्या वर्गात बसले आणि सुमारे पन्नास वर्षांनी संस्थेला पैसे देताना त्यांनी त्याला गुरुदक्षिणा म्हटले. पैसे कशावर खर्च करायचे याची अटही घातली नाही.

ही संस्था आज अभिमत विद्यापीठ आहे. १९३३ मध्ये ती सुरू झाली तेव्हा मुंबई विद्यापीठाचा एक विभाग होती आणि जुनी माणसे तिला अजून ‘यूडीसीटी’च म्हणतात. तिथल्या प्राध्यापकांनी कारखान्यांचे सल्लागार म्हणून काम केले, कारखान्यातला प्रश्न प्रयोगशाळेत आणला, प्रयोगशाळेतला विद्यार्थी कारखान्यात पाठवला. त्यातले कितीतरी विद्यार्थी पुढे स्वतः कारखानदार झाले आणि अध्यासने, शिष्यवृत्त्या, प्रयोगशाळा या रूपाने माटुंग्याला परत आले. विद्यापीठाच्या एखाद्या विभागाला उद्योगांचा आधार मिळतो तो कसा, याचे महाराष्ट्रातले इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही.

त्याच मुंबई विद्यापीठाचा आणखी एक विभाग चर्चगेट स्टेशनपासून पाच मिनिटांच्या अंतरावर आहे. जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट स्टडीज. १९६५ मध्ये बजाज परिवाराच्या साह्याने आणि अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलच्या सहकार्याने तो सुरू झाला. जमनालालजी वर्ध्याचे, गांधीजी ज्यांना आपला पाचवा मुलगा मानत ते. त्यांच्या नावाच्या या संस्थेतून उदय कोटक, अजय पिरामल, हरीश मनवानी, नितीन परांजपे, विनिता बाली अशी माणसे बाहेर पडली. कोणी बँक उभी केली, कोणी औषधांपासून वित्तपुरवठ्यापर्यंतचे उद्योग, कोणी हिंदुस्थान युनिलिव्हर चालवली, कोणी ब्रिटानिया. राज्याच्या प्रवेश परीक्षेतून वर आलेली, बहुतेक मध्यमवर्गीय घरांतली मुले इथे आली आणि खासगी संस्थांच्या मानाने माफक फीमध्ये शिकली. त्या फीमधली तफावत समाजाने भरली होती.

अशा विद्यापीठीय व्यवस्थापन विभागासाठी माजी विद्यार्थ्यांनी आणि कंपन्यांनी काय करावे, हा या लेखाचा विषय आहे. तो चर्चगेटपुरता नाही. पुण्यात विद्यापीठाचा व्यवस्थापनशास्त्र विभाग, ज्याला सगळे ‘पुम्बा’ म्हणून ओळखतात, १९७१ पासून आहे. कोल्हापूर, जळगाव, नांदेड, अमरावती, सोलापूर इथल्या विद्यापीठांतही व्यवस्थापनाचे शिक्षण मिळते. तिथल्या मुलांना गाजलेली नावे पाठीशी नसतात आणि गरज मात्र जास्त असते. मदत म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर इमारत, सभागृह, संगणक कक्ष आणि भिंतीवरची संगमरवरी पाटी येते. माझे म्हणणे असे की पहिली मदत शिक्षकाला व्हायला हवी. माटुंग्याची ती गुरुदक्षिणा एका माणसाच्या आठवणीतून आली होती. ज्या विभागात वर्षानुवर्षे टिकून शिकवणारा माणूसच नसेल, तिथल्या विद्यार्थ्याला पंचवीस वर्षांनी आठवणार कोण?

*

महाराष्ट्रात व्यापारी आणि उद्योजकांनी शिक्षणाला पैसे देण्याची रीत जुनी आहे. मुंबई विद्यापीठाचे फोर्टमधले ग्रंथालय आणि त्यावरचा राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांच्या पैशातून उभा राहिला. टॉवरला नाव त्यांच्या आईचे. १९१३ मध्ये मुंबईत सिडनम कॉलेज सुरू झाले, आशियातले वाणिज्य शाखेचे पहिले महाविद्यालय म्हणून ते ओळखले जाते. १९१८ ते १९२० या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे अर्थशास्त्र शिकवत होते. वर्ध्याला १९४० मध्ये गोविंदराम सेक्सरिया यांच्या नावाचे वाणिज्य महाविद्यालय निघाले, त्यामागे जमनालालजी होते. पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९४३ मध्ये काढलेल्या बीएमसीसीच्या नावातले ‘बृहन्महाराष्ट्र’ हे बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटकडून, म्हणजे एका साखर कंपनीच्या देणगीतून आले.

या सगळ्यांत मला सर्वांत दूरदर्शी वाटते ती साताऱ्याच्या रावबहादूर रा. रा. काळे यांची देणगी. त्यांनी भारत सेवक समाजाला दिलेल्या पैशातून १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. त्या पैशाने मुख्यतः एका अभ्यासकाला आणि त्याच्याभोवती जमलेल्या तरुणांना निवांतपणे काम करण्याची सोय झाली. गाडगीळांनी पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, घरोघर जाऊन माहिती गोळा करण्याची शिस्त घालून दिली. पुढे विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीला सहकारी साखर कारखाना काढायचे ठरवले तेव्हा गाडगीळ त्यांच्यासोबत उभे राहिले आणि कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. साताऱ्यातल्या एका दात्याच्या पैशाचा उपयोग प्रवरेकाठच्या ऊस उत्पादकाला झाला, तो असा वळणावळणाने. इमारतीवर खर्च केलेला पैसा इतक्या लांब क्वचितच पोहोचतो.

आज आपल्या विद्यापीठांत परिस्थिती काय आहे ते महाराष्ट्रातल्या कोणत्याही प्राध्यापकाला विचारा. मंजूर पदे रिकामी राहतात. त्या जागी तासिका तत्त्वावर किंवा अकरा महिन्यांच्या करारावर माणसे घेतली जातात. पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो अभ्यासक्रम बदलण्याचा, पुस्तक लिहिण्याचा, पीएचडीचा विद्यार्थी घडवण्याचा विचार कसा करणार? व्यवस्थापनशास्त्रात तर स्पर्धा आणखी कठीण आहे. वित्त किंवा डेटा विश्लेषण उत्तम जाणणाऱ्या तरुणाला कंपनी जो पगार देते, त्याच्या जवळपासही विद्यापीठ जाऊ शकत नाही.

चर्चगेटच्या संस्थेने यावर एक मार्ग पूर्वीपासून वापरला आहे, आणि तो चांगला आहे. फोर्ट आणि नरिमन पॉइंटच्या कचेऱ्यांत काम करणारे बँकर, मार्केटिंगचे अधिकारी, सनदी लेखापाल इथे येऊन शिकवतात. ज्याने सकाळी खरोखरच कर्जाचा प्रस्ताव नाकारला आहे, तो त्याच दिवशी वर्गात पत-मूल्यांकन शिकवतो तेव्हा मुले कान टवकारून ऐकतात. नोकरी करणाऱ्यांसाठी मार्केटिंग, वित्त आणि मनुष्यबळ या विषयांचे तीन वर्षांचे अर्धवेळ अभ्यासक्रमही इथे चालत आले आहेत, म्हणजे बाकावरही अनुभवी माणसे. माजी विद्यार्थ्याला देता येण्यासारखी ही सर्वांत सोपी आणि सर्वांत जिवंत गोष्ट आहे: आपला वेळ. पण तो वेळ पूर्ण सत्राचा असावा. वर्षातून एकदा येऊन यशाची गोष्ट सांगून जाणाऱ्या पाहुण्याने मुलांचा उत्साह वाढतो, अभ्यास फारसा वाढत नाही. तीस तासांचा एक विषय पूर्ण शिकवणे, उत्तरपत्रिका तपासणे, नापास झालेल्याला पुन्हा समजावणे याला शिकवणे म्हणायचे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये याला रीतसर दार उघडून दिले आहे. ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या नव्या पदावर आपल्या क्षेत्रात किमान पंधरा वर्षे काम केलेल्या माणसाला पीएचडी किंवा नेट नसतानाही नेमता येते. मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करता येतात. नेमणूक मानद असू शकते, संस्थेच्या स्वतःच्या निधीतून असू शकते किंवा उद्योगाने खर्च उचललेली असू शकते. हा तिसरा पर्याय कंपन्यांनी नीट वाचायला हवा. एखाद्या कंपनीने आपल्या निवृत्तीला आलेल्या पुरवठा साखळी प्रमुखाला दोन वर्षांसाठी सोलापूर किंवा जळगावच्या विद्यापीठात पाठवले आणि त्याचा पगार स्वतः दिला, तर तिथल्या मुलांना जे मिळेल ते कोणत्याही नव्या इमारतीत मिळणार नाही.

तरीही बाहेरून येणारा शिक्षक हा पूर्णवेळ शिक्षकाला पर्याय नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. विभागाला कणा लागतो. त्यासाठी अध्यासन. अध्यासनाचे गणित अवघड नाही. समजा एका बॅचने मिळून पाच कोटींचा कायम निधी उभा केला. मुद्दलाला हात लावायचा नाही. सात टक्के परतावा धरला तर वर्षाला पस्तीस लाख येतात. त्यातले महागाईची झीज भरून काढण्यासाठी पंधरा लाख मुद्दलात परत टाकले, तर वीस लाख उरतात. त्या वीस लाखांतून एका चांगल्या प्राध्यापकाच्या सरकारी पगारावर भर घालता येते, एका संशोधन सहायकाला विद्यावेतन देता येते, जिल्ह्याजिल्ह्यांत पाहणीला जाण्याचा खर्च भागवता येतो. आणि हे दरवर्षी, पुढची पिढी येऊन गेली तरी. अहमदाबादच्या आयआयएमने २०२० मध्ये माजी विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने असा कायम निधी सुरू केला, तेव्हा सुरुवातीलाच १०० कोटींची वचने मिळाली होती. गोवा विद्यापीठाने वेगळी वाट घेतली. तिथे राज्य सरकारच्या पैशातून भेट-संशोधक प्राध्यापकांची अध्यासने आहेत. राजकीय अर्थशास्त्राच्या अध्यासनाला दयानंद बांदोडकरांचे नाव आहे. बाहेरचा नामवंत अभ्यासक काही काळ ताळगावच्या पठारावर येऊन राहतो, शिकवतो. गोवा बिझनेस स्कूल आता त्याच विद्यापीठाचा भाग आहे. सरकार जे करू शकते ते खाण, जहाजबांधणी, औषधे आणि पर्यटन यांतून कमावणाऱ्या उद्योगांना का जमू नये?

*

रोज सकाळी अकराच्या सुमाराला चर्चगेट स्टेशनच्या बाहेर डबेवाले लोकलमधून उतरलेले डबे फुटपाथवर मांडतात, झाकणांवरच्या खुणा बघून वाटणी करतात आणि सायकली, हातगाड्या घेऊन निघून जातात. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये सुरू केलेली ही व्यवस्था. व्यवस्थापन शिकवणाऱ्या जगभरातल्या वर्गांत तिचा अभ्यास होतो, आणि त्यासाठी वापरली जाणारी सर्वांत प्रसिद्ध केस स्टडी २०१० मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलने, म्हणजे बोस्टनमधल्या प्राध्यापकाने लिहिली. ज्या फुटपाथवर ही वाटणी होते तिथून आपल्या विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग चालत पाच मिनिटांवर आहे. याचा राग मानायचे कारण नाही. हार्वर्डने चांगले काम केले. पण आपल्याकडून ते का झाले नाही, याचा शोध घ्यायला हवा.

केस लिहिणे खर्चिक आणि वेळखाऊ काम आहे. शिक्षकाला त्या उद्योगात आठवडेच्या आठवडे जावे लागते, मालकापासून कामगारापर्यंत बोलावे लागते, हिशेब पाहावे लागतात, कोणत्या क्षणी कोणता निर्णय घ्यायचा होता आणि तो घेणाऱ्याच्या हाती तेव्हा कोणती माहिती होती हे बारकाईने मांडावे लागते. मग ती वर्गात कशी शिकवायची याचे वेगळे टिपण. शेवटी उद्योगाची लेखी संमती. हार्वर्डचा विद्यार्थी दोन वर्षांत सुमारे पाचशे केस वाचतो. ते शक्य होते कारण तिथल्या शिक्षकाला संशोधन सहायक मिळतो, प्रवासखर्च मिळतो आणि कंपन्यांचे दरवाजे उघडतात. ते दरवाजे बहुतेक वेळा माजी विद्यार्थीच उघडतात.

इथे माजी विद्यार्थ्याला एक पैसाही न देता मोठी मदत करता येते. कोल्हापूरच्या फौंड्रीचा मालक शिवाजी विद्यापीठाचा विद्यार्थी असेल, तर त्याने प्राध्यापकाला आपल्या कारखान्यात आणि हिशेबाच्या वहीत प्रवेश द्यावा. मंदीत भट्टी किती दिवस बंद ठेवली, कामगार कसे टिकवले, पुण्याच्या वाहन कंपनीने भाव पाडायला सांगितला तेव्हा काय केले, हे सांगावे. सोलापूरच्या चादरी आणि टॉवेल, इचलकरंजीचे यंत्रमाग, सांगलीचा हळद बाजार, जळगावची ठिबक सिंचनाची आणि केळीच्या उतिसंवर्धनाची गोष्ट, नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांनी निर्यातीसाठी उभ्या केलेल्या शेतकरी कंपन्या, १९५९ मध्ये गिरगावात ऐंशी रुपयांच्या उसनवारीवर सात बायकांनी सुरू केलेला लिज्जत पापड. आपल्याकडे शिकण्यासारखे इतके आहे, आणि आपल्या वर्गांत मुले अजूनही अमेरिकेतल्या साबणाच्या आणि विमान कंपनीच्या केस सोडवतात. आकडे बाहेर जाण्याची भीती कुटुंबाच्या मालकीच्या उद्योगांना वाटते आणि ती समजण्यासारखी आहे. त्यावर उपाय आहेत. नावे आणि आकडे ठरावीक प्रमाणात बदलून केस लिहिता येते, किंवा निर्णय जुना झाल्यावर, पाचसात वर्षांनी लिहिता येते. पण ‘नाही’ म्हणण्याआधी उद्योजकाने एवढा विचार करावा की त्याच्या मुलाला, पुतण्याला पुढे हाच धंदा चालवायचा आहे आणि त्याबद्दल एकही पान लिहिलेले नाही.

केसचा मराठीशीही संबंध आहे. कोल्हापूरच्या फौंड्रीतला निर्णय मराठीतच झालेला असतो. केस मराठीत लिहिली, निदान दोन्ही भाषांत लिहिली, तर ती मालक स्वतः वाचू शकतो, त्याचा सुपरवायझर वाचू शकतो, वाणिज्य शाखेची ग्रामीण मुलगी वाचू शकते. महाराष्ट्रातल्या माजी विद्यार्थी संघटनांनी या एका कामासाठी निधी गोळा केला तरी दहा वर्षांत एक भरीव संग्रह उभा राहील.

*

कंपन्यांचा विद्यापीठाशी येणारा सर्वांत ठळक संबंध प्लेसमेंटचा. त्याबद्दल भरपूर बोलले जाते, म्हणून मी थोडक्यात सांगतो. पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मधल्या उन्हाळ्यात आठ-दहा आठवड्यांची समर इंटर्नशिप असते. बऱ्याच ठिकाणी मुलाला कोपऱ्यात बसवून एक्सेलच्या तक्त्यांत माहिती भरायला लावतात आणि शेवटी प्रमाणपत्र देतात. हे थांबवणे पूर्णपणे कंपनीच्या हातात आहे. मूल येण्याआधी त्याला कोणता प्रश्न सोडवायचा हे लिहून ठेवावे, एका अधिकाऱ्यावर त्याची जबाबदारी द्यावी, शेवटच्या आठवड्यात अहवाल ऐकायला वरिष्ठाने अर्धा तास बसावे. आणि विद्यावेतन द्यावे. नांदेडहून मुंबईत आलेल्या मुलीला खोलीचे भाडे, लोकलचा पास आणि दोन वेळचे जेवण परवडत नसेल, तर विनावेतन इंटर्नशिप ही फक्त मुंबईत घर असलेल्यांसाठीची सोय ठरते. आपल्या विद्यापीठांत ‘कमवा आणि शिका’ योजना आहेत, त्यांच्या मुळाशी कर्मवीर भाऊराव पाटलांचा विचार आहे. गावातल्या सहकारी बँकेने, दूध संघाने, मोटारींच्या वितरकाने व्यवस्थापनाच्या मुलांना दिवसाचे तीन तास हिशेबाचे, साठ्याचे, ग्राहक सेवेचे काम दिले आणि त्याचा योग्य मोबदला दिला, तर त्या योजनेला नवे बळ मिळेल.

जिल्ह्याच्या ठिकाणची मुले गटचर्चेत आणि मुलाखतीत मागे पडतात ती ज्ञानात कमी पडतात म्हणून क्वचितच. इंग्रजीत पहिले वाक्य बोलायचा धीर होत नाही, समोरच्या खुर्चीतल्या माणसाला काय ऐकायचे आहे याचा अंदाज नसतो. त्याच विभागातून दहा वर्षांपूर्वी गेलेला, हीच भीती ओलांडून आज पुण्यात मॅनेजर झालेला दादा किंवा ताई शनिवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर तासभर बसली, तर मुलांच्या बोलण्यात पडणारा फरक दिसून येतो. हे काम मराठीतून सुरू व्हावे. विषयाचा आत्मविश्वास आधी येऊ द्यावा, इंग्रजी त्यामागून येते.

आणखी एक मार्ग देणगीपेक्षाही सन्मानाचा आहे: विभागाला काम द्या. बाजार पाहणी, गावपातळीवरच्या विक्री प्रतिनिधींचे प्रशिक्षण, मधल्या फळीतल्या अधिकाऱ्यांसाठी तीन दिवसांची कार्यशाळा, दूध संघाच्या वितरणाचा अभ्यास. खासगी सल्लागार कंपनीला जे शुल्क देता त्याचा एक हिस्सा विद्यापीठाला द्या आणि कामाची तितकीच कडक तपासणी करा. माटुंग्याचे यश याच देवाणघेवाणीवर उभे राहिले. शिक्षकाला उद्योगातला ताजा प्रश्न मिळतो, विभागाला उत्पन्न मिळते, आणि प्राध्यापक कामाचा माणूस आहे हे उद्योगाला अनुभवातून कळते.

*

पैसे देणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक दायित्वासाठी खर्च करावी लागते. शिक्षणाचा प्रसार हा त्यात मान्य विषय आहे, म्हणजे विद्यापीठातल्या शिष्यवृत्तीला किंवा वसतिगृहाला हा पैसा देता येतो. फक्त आपल्याच कर्मचाऱ्यांच्या लाभासाठी केलेला खर्च त्यात धरता येत नाही. स्वतःच्या अधिकाऱ्यांची फी भरून ते सामाजिक दायित्वात दाखवता येणार नाही. व्यक्तीला देणगीवर मिळणारी करसवलत फक्त जुन्या कर प्रणालीत आहे आणि २००० रुपयांवरची रोख देणगी त्यासाठी चालत नाही. परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांनी एक भेद लक्षात ठेवावा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या बचतीतून दिलेली देणगी परदेशी मानली जात नाही. नागरिकत्व बदललेल्याची, ओसीआय कार्ड असले तरी, देणगी परदेशी ठरते आणि ती घेणाऱ्या संस्थेकडे सहसा परकीय योगदान कायद्याखालची परवानगी लागते.

या नियमांपेक्षा मोठी अडचण विश्वासाची आहे. विद्यापीठाच्या तिजोरीत गेलेला पैसा ठरलेल्या कामासाठी वापरला जाईल का, असे माजी विद्यार्थी मेळाव्यांत हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर विद्यापीठांनी द्यायचे आहे. प्रत्येक मोठ्या देणगीचे वेगळे खाते, दात्यांचा प्रतिनिधी असलेली छोटी समिती, दरवर्षी जाहीर केलेला लेखापरीक्षित हिशेब, आणि मंजुरीची फाईल किती दिवसांत पुढे सरकेल याची लेखी मुदत. आयआयटी मुंबईकडे माजी विद्यार्थ्यांशी संपर्क ठेवणारी स्वतंत्र, पूर्णवेळ यंत्रणा आहे. पंचवीस वर्षे झालेली बॅच एकत्र येते आणि संस्थेला भेट देते. १९९८ च्या बॅचने २०२३ मध्ये अशी ५७ कोटींची देणगी जाहीर केली. त्याच वर्षी नंदन निलेकणी यांनी ३१५ कोटी दिले. तिथल्या व्यवस्थापन विभागाला शैलेश मेहता या माजी विद्यार्थ्याचेच नाव आहे. आपल्या राज्य विद्यापीठांतल्या अनेक विभागांकडे माजी विद्यार्थ्यांची अद्ययावत यादीही नसते. नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थी सहभागाला गुण आहेत, म्हणून समिती येण्याच्या तोंडावर नावे शोधली जातात. ज्याला दहा वर्षांत विभागाकडून एक पत्र आले नाही, त्याला एकदम देणगीचे आवाहन गेले तर तो दुखावतो. एक कर्मचारी फक्त या कामासाठी नेमा. त्याचा पगार माजी विद्यार्थी संघटनेने पहिली तीन वर्षे द्यावा. या छोट्या खर्चाइतका लवकर फळणारा खर्च दुसरा मला दिसत नाही.

दात्यांनाही एक मर्यादा सांभाळावी लागते. अमेरिकेतला विद्यापीठीय बिझनेस शिक्षणाचा पहिला विभाग १८८१ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सुरू झाला तो जोसेफ व्हार्टन या निकेल आणि पोलादाच्या कारखानदाराच्या एक लाख डॉलरमुळे. देशी उद्योगाला आयात जकातीचे संरक्षण हवे, हे मत तिथे शिकवले जावे अशी त्यांची अपेक्षा दानपत्रात नोंदलेली होती. त्यांचा स्वतःचा धंदा अशाच संरक्षणावर पोसला होता. व्हार्टन स्कूल पुढे जगातल्या अग्रगण्य संस्थांपैकी एक झाले ते तिथल्या प्राध्यापकांनी आपापल्या अभ्यासातून निघेल ते शिकवले म्हणून. आपल्याकडे अभ्यास मंडळांवर उद्योगांचे प्रतिनिधी असावेतच. बाजारात काय बदलते आहे हे त्यांच्याकडूनच कळते. पण वर्गात काय शिकवायचे, कोणाला प्रवेश द्यायचा, कोणाला नेमायचे आणि एखाद्या कंपनीच्या चुकीवर केस लिहायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार शिक्षकांकडेच राहिला पाहिजे. पतपेढ्या बुडतात, साखर कारखाने आजारी पडतात, घर विकत घेणारे फसतात. या घटनांचा निर्भयपणे अभ्यास व्हायचा तर तो सार्वजनिक विद्यापीठातच होऊ शकतो, कारण ते कोणा एका मालकाचे नाही. ज्या देणगीमुळे ही मोकळीक आकसते, ती विद्यापीठाने नम्रपणे परत करावी.

शेवटी विनंती माजी विद्यार्थ्यांना. दरवर्षी दिवाळीची सुट्टी संपली की विभाग पुन्हा भरतात आणि पुढच्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपची जुळवाजुळव सुरू होते. या आठवड्यात आपल्या विभागप्रमुखांना एक पत्र लिहा. पुढच्या सत्रात कोणता विषय शिकवायला माणूस नाही ते विचारा, आणि तो तुम्हाला येत असेल तर पूर्ण सत्र शिकवण्याची तयारी कळवा. तुमच्या कंपनीत विद्यावेतनासह दोन जागा मिळवून द्या, त्यातली एक मुंबई-पुण्याबाहेरच्या विद्यापीठासाठी ठेवा. तुमच्या बॅचचे पंचविसावे वर्ष जवळ आले असेल, तर स्नेहमेळाव्याच्या हॉटेलचे बुकिंग करण्याआधी बॅचच्या नावाने एका शिक्षकाचे अध्यासन उभे करायचा ठराव करा, आणि ज्या सरांनी किंवा बाईंनी तुम्हाला घडवले त्यांचे नाव त्याला द्या.